पार्सिपनीच्या आकाशाची दुर्बीण

घरात दुर्बीण घ्यायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चहाला येणारा प्रत्येक जण खगोलशास्त्रज्ञ झाला. घर घेतानासुद्धा इतके सल्ले मिळाले नव्हते. कुणी म्हणे, निदान आठ इंची घ्या, लहान घेतलीत तर वर्षभरात मोठीच्या मागे लागाल. कुणी म्हणे, आता डोळा लावून कोण बसतं, फोनला जोडलेली घ्या आणि सोफ्यावर बसून तेजोमेघ बघा. एका मित्राच्या बायकोनं मात्र सरळ सांगितलं, "आमच्या बेसमेंटमध्ये एक आहे. सध्या तिच्यावर रेनकोट वाळत असतात. हवी तर आजच न्या, फक्त परत आणू नका."

तिच्या बोलण्यात सगळा विषय आला. ट्रेडमिलच्या शेजारी धूळ खात उभी असलेली दुर्बीण आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला आलेली, खोक्यावर शनीचं रंगीत चित्र असलेली, दोनदा चंद्राकडे वळवलेली. आपली त्यांत भर पडू नये एवढीच आमची माफक इच्छा होती.

आम्ही म्हणजे दोघं नवरा-बायको, दोघंही इंजिनियर, एम.एस.ला म्हणून या देशात आलो आणि पार्सिपनीत मुरलो. खरेदीआधी तक्ता करायची खोड दोघांनाही. याही वेळी केला. चौदा रकाने झाले. शेवटी कामाला आले ते तीन: ही वस्तू घरातून बाहेर यायला किती मिनिटं लागतात, डोळा लावायची जागा किती उंचीवर येते, आणि पार्सिपनीतून मुळात दिसतं काय.

विषय निघाला होता ८ एप्रिल २०२४ च्या सूर्यग्रहणापासून. आपल्याकडे ते खग्रास नव्हतं, पण सूर्य नव्वद टक्क्यांच्या आसपास झाकला गेला. पुठ्ठ्याचे चष्मे लावून सगळी गल्ली ड्राइव्हवेवर उभी होती. धाकटीनं त्याच संध्याकाळी दुर्बिणीची मागणी नोंदवली. मागणी नोंदवण्यात आमची मुलं तरबेज आहेत आणि ती लांबणीवर टाकण्यात आम्ही. एक वर्ष गेलं.

घाई झाली ती बाबांमुळे. बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. साताऱ्याला हायस्कुलात त्यांनी भूगोल शिकवला. घरातल्या निम्म्या जनतेला आकाश ओळखता येतं ते त्यांच्या गच्चीवरच्या वर्गामुळे. १९९७ च्या मार्च-एप्रिलात हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसायचा, तेव्हा गल्लीतली सगळी पोरं जेवणं टाकून त्या गच्चीवर असायची. हातात काही उपकरण नाही. मृगाच्या पट्ट्यातून खाली रेघ मारा, व्याध सापडेल. सप्तर्षींच्या पहिल्या दोघांतून रेघ ओढा, ध्रुवावर जाल. जन्मभर दुसऱ्यांना आकाश दाखवणाऱ्या या माणसानं दुर्बिणीला डोळा लावला होता तो एकदाच, १९८६ मध्ये हॅलेच्या वेळी. पहाटेची रांग, मैदान, एक पुसट डाग, आणि मागून "चला पुढं".

मे २०२५ मध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब, आणि उजव्यातही त्याची सुरुवात आहे असं निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं. हे त्यांनी आम्हांला दुसऱ्या आठवड्यात, भाजी निवडता निवडता सांगितलं. मग म्हणाले, "शनीची कडी एकदा बघायची आहेत. फोटोत नको."

आता शनीचंही बघा. त्याची कडी आपल्याला नेहमी सारखी दिसत नाहीत. साधारण पंधरा वर्षांनी एकदा ती आपल्याकडे धार करून उभी राहतात आणि जवळजवळ नाहीशी होतात. नेमकं तसं २३ मार्च २०२५ ला झालं होतं. त्या वर्षी कडी म्हणजे नुसती रेघ असणार, पुन्हा पूर्ण उघडी दिसायला २०३२ उजाडणार. हे आम्ही बाबांना सांगितलं. त्यांनी मनाशी हिशेब केला. "तेव्हा मी पंच्याऐंशीचा. आहे तशी बघू."

आईचं म्हणणं वेगळंच. तिची रास मीन, शनी मार्च २०२५ पासून मीनेत, साडेसाती ऐन भरात. "तो आधीच माझ्याकडे बघतोय, त्याच्याकडे भिंग लावून कशाला बघता?"

तर प्रश्न असा झाला: सहा महिन्यांचा व्हिसा, एक बरा डोळा, दुखरे गुडघे, आणि वरती पार्सिपनीचं आकाश.

आपल्या आकाशाबद्दल भ्रमात राहण्यात अर्थ नाही. रूट ८० आणि २८७ आपल्या अंगणात भेटतात, शेजारून ४६ जातो, खाली १० जातो, ऑफिसांच्या पार्किंगचे दिवे रात्रभर जळतात आणि पूर्वेला न्यूयॉर्कचा उजेड कधी मावळत नाही. आकाशगंगेचा पट्टा इथून दिसत नाही. बाबांना पहिल्याच रात्री कृत्तिकांची आठवण झाली. आम्ही म्हटलं, त्या हिवाळ्यात येतील आणि सहाच्या जागी चार मोजायलाही डोळे ताणावे लागतील. मोठा आरसा घेतला तर भागेल असं वाटतं, पण तो आरसा अंधूक तेजोमेघाचा उजेड गोळा करतो तसा रस्त्यावरच्या दिव्यांचाही करतो. उजळ आकाशाला पुरून उरतात ते चंद्र, ग्रह आणि जोडतारे. दुर्बीण घ्यायची ती यांच्यासाठी. दूरच्या दीर्घिकांचा मोह इथे राहून धरू नये असं आमचं मत झालं.

एक गोष्ट मात्र दिव्यांनी झाकत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री बाबा डेकवर उभे होते. म्हणाले, "ध्रुव फारच वर चढलाय की तुमच्याकडे." खरंच. साताऱ्याला ध्रुव क्षितिजापासून अठरा अंशांच्या आतच असतो, इथे एक्केचाळीस. सप्तर्षी तिथे निम्मं वर्ष गायब असतात, इथे जवळजवळ मावळतच नाहीत. आणि अगस्ती, जो साताऱ्याच्या गच्चीवरून फेब्रुवारीत दक्षिणेला ठळक दिसतो, तो न्यू जर्सीतून कधीच उगवत नाही. आम्ही इतकी वर्षं इथे राहतो; आपल्या डोक्यावरचं छप्पर तेवीस अंशांनी कललंय हे आम्हांला बाबा येईपर्यंत कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

दुकानांत फिरलो. खोक्यांवर ५२५ पट, ६७५ पट असे आकडे. ते वाचून खोकं खाली ठेवावं. हिशेब सोपा आहे: भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याची दुप्पट करा, त्यापुढं पटी वाढवून चित्र फक्त मोठं आणि पुसट होतं. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पटी फार झाल्या. त्यातून न्यू जर्सीवरची हवा बहुतेक रात्री इतकी उकळत असते की दीडशे-दोनशेच्या वर कुणाचंच चालत नाही. शिवाय त्या स्वस्त दुर्बिणींची तिवई. नुसता श्वास सोडला तरी चंद्र थरथरतो. आमच्या मते अर्ध्याअधिक दुर्बिणी बेसमेंटमध्ये जातात त्या भिंगापायी नव्हे, तिवईपायी.

आणि एक, सूर्याबद्दल. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळी काच यायची. तशी घरात कुठे असेल तर ती फेकून द्या. उष्णतेनं ती तडकते आणि डोळा जातो. सूर्याची गाळणी दुर्बिणीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला लागते.

सल्लागारांमध्ये एक काका मात्र खरे निघाले. ते आमच्या आधी पंचवीस वर्षं या देशात आलेले. न्यू जर्सीतच बॅरिंग्टनला एडमंड सायंटिफिकचं मोठं दुकान होतं, विज्ञानाच्या वेडाची जत्राच म्हणतात ती. ते आता राहिलं नाही. तिथून काकांनी ॲस्ट्रोस्कॅन घेतली होती, १९७६ साली निघालेली, लाल रंगाची, बुडाला चेंडूसारखी गोल. मांडीवर घेऊन बसता येते. ती त्यांनी आठवडाभर वापरायला दिली. चंद्राला झकास, शनीला मोठं करायची मात्र तिची ताकद नाही, सोळा पटींत तो मोहरीएवढाच. पण इतक्या वर्षांनंतर ती चालत होती आणि तिच्यावर धूळ नव्हती. काका म्हणाले, "दाराजवळ ठेवली म्हणून." हे आमच्या तक्त्यात नव्हतं. घातलं.

काकांचा दुसरा सल्ला द्विनेत्रीचा. सुरुवात तिनंच करावी हे बरोबर आहे, पण इथेही वयाचं गणित असतं. ७ बाय ५० च्या द्विनेत्रीतून उजेडाची जी शलाका बाहेर पडते ती सात मिलिमीटर जाड. अंधारात तरुण बाहुली तेवढी उघडते. साठी-सत्तरीनंतर ती पाचापर्यंतही जेमतेम जाते, म्हणजे बराच उजेड वाया. १० बाय ५० ची शलाका पाच मिलिमीटरची. आई-बाबा येणार असतील तर तीच घ्यावी. आम्ही तीच घेतली आणि ती आजही गाडीत असते.

जूनमधल्या एका शनिवारी सगळे जेनी जंपला गेलो. रूट ८० नं पश्चिमेला पाऊण तास, होपच्या फाट्याला बाहेर पडून जंगलात वर. तिथे न्यू जर्सीतल्या हौशी खगोल मंडळांनी मिळून वेधशाळा उभारली आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर शनिवारी रात्री ती सगळ्यांसाठी खुली असते. आधी एखादं व्याख्यान, मग वेगवेगळ्या दुर्बिणी. दुर्बीण घेण्यापूर्वी अशा ठिकाणी एकदा जाऊन या. दुकानात बसून हे कळत नाही. आम्हांला काय कळलं? की मोठ्या दुर्बिणीला शिडी लागते आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंधारात शिडी चढवत नाही. की भिंगाच्या लांब दुर्बिणीत डोळा लावायची जागा खालच्या टोकाला असते, तारा डोक्यावर आला की माणसाला जवळजवळ साष्टांग नमस्कार घालावा लागतो. आणि आरशाच्या दुर्बिणीत ती जागा वरच्या टोकाला, बाजूला असते. मध्यम लांबीची असेल तर खुर्चीत बसून बघता येतं.

फोनवाली दुर्बीणही तिथे एकानं लावली होती. खोटं कशाला बोला, कमाल आहे. पन्नास मिलिमीटरचं इवलं भिंग, पण दहा मिनिटं उजेड साठवून साठवून जो तेजोमेघ ती पडद्यावर उभा करते तो आमच्यासारख्या उजळ गावातून डोळ्यांनी जन्मात दिसणार नाही. आमच्यात यावर चार दिवस वाद झाला. एक पक्ष म्हणाला, बाबांचा डोळा अधू, टॅबलेटवर मोठं करून दाखवता येईल, हेच घेऊ. दुसरा म्हणाला, तिचं नाभीय अंतर अडीचशे मिलिमीटर, ग्रह तिच्यात ठिपक्याएवढेच येतात, आणि आपल्याला हवाय शनी. निकाल बाबांनी दिला. "पडद्यावर मी वर्गात दाखवलाय. तिथून निघालेला उजेड माझ्या डोळ्यात पडला पाहिजे." शनीवरून निघालेला प्रकाश इथे पोचायला सुमारे सव्वा तास लागतो. तेवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला पडद्याशी थांबवणं बरं नव्हे.

शेवटी घेतली ती सहा इंची, आरशाची, डॉब्सन पद्धतीची. या डॉब्सनची हकीकत आपल्या वाचकांना आवडेल. जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि १९४४ पासून तेवीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात साधू होते. जहाजाच्या खिडक्यांची जाड काच घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात बसवायचे आणि रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. दुर्बिणींच्या नादात मठाबाहेर फार राहतात म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची त्यांची मंडळी सुरू झाली. ९८ वर्षं जगले, २०१४ मध्ये गेले. त्यांची युक्ती एवढीच की तिवई काढून टाकली. लाकडी खोका, तोफेसारखी वर-खाली आणि गोल फिरणारी नळी. यंत्र नाही, मोटर नाही, थरथर नाही. सगळा पैसा आरशात.

आरशाच्या दुर्बिणीचं महाराष्ट्राला तसं नवल नको. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये प्राध्यापक कावसजी नाएगमवालांच्या वेधशाळेत वीस इंची आरशाची दुर्बीण उभी होती, डब्लिनच्या ग्रबनं बनवलेली, देशातली तेव्हाची सगळ्यांत मोठी. नाएगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि ती कोडाईकनालला गेली. बाबांना हे ठाऊक होतं, अर्थातच.

सहाच इंच का? आठ इंचीत जास्त दिसतं यात वाद नाही. पण सहा इंची सगळी मिळून पस्तीस पौंडांच्या आसपास, दोन फेऱ्यांत एका माणसाला बाहेर नेता येते. आठ इंची चाळीसच्या पुढं. मंगळवारी रात्री, दिवसभराच्या मीटिंगांनंतर, बाहेर वीस डिग्री असताना त्या फरकावर सगळं ठरतं. किंमत साडेतीन-चारशे डॉलरच्या घरात. जुन्या याद्यांत ऑरायन कंपनीचं नाव पहिलं असतं, पण ती २०२४ मध्ये बंद झाली. वापरलेली मिळाली तर चांगली, सुटे भाग मात्र दुसऱ्याचे शोधावे लागतील. एवढाही खर्च नको असेल तर लायब्ररीत विचारा. न्यू हॅम्पशायरच्या हौशी मंडळानं २००८ मध्ये ग्रंथालयांतून दुर्बीण पुस्तकासारखी घरी द्यायची प्रथा सुरू केली, ती आता बऱ्याच ठिकाणी पसरली आहे.

जुलैत खोकं आलं. त्यानंतर अर्थातच नऊ दिवस ढग. दहाव्या दिवशी आम्ही ती गराजसमोर मांडली. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा तास द्यावा लागतो, आणि दिवसभर तापलेल्या डांबरापेक्षा गवत बरं, कारण डांबरावरची हवा रात्रीही उकळत राहते. अंधारात नळी रोखून उभं असलेलं कुटुंब बघून समोरच्या घरातले गृहस्थ चौकशीला आले. त्यांना चंद्र दाखवला. ते गेले आणि आपला पोर्चचा दिवा बंद करून परत आले, बायकोला घेऊन.

आईनं पहिलं काय पाहिलं असेल? वसिष्ठ-अरुंधती. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून अरुंधती. दुर्बिणीतून ती दोघं ऐसपैस लांब होतात आणि खुद्द वसिष्ठ फुटून दोन तारे दिसतात. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आमचं लग्न दुपारी बाराचं. भटजी म्हणाले अरुंधती बघा. मांडवाच्या कापडाकडे बघून मी म्हटलं, दिसली." चोपन्न वर्षांनी तिला ती दिसली. वसिष्ठांचे दोन झाल्याबद्दल बाबांनी काहीतरी स्पष्टीकरण सुरू केलं, ते तिनं ऐकलं नाही.

शनीसाठी सप्टेंबर उजाडावा लागला. २१ तारखेला तो सूर्याच्या बरोबर समोर येणार होता. त्या सुमाराला रात्री जेवणं होईपर्यंत तो आग्नेयेला झाडांच्या वर यायचा. चार रात्री ढगांत गेल्या. पाचवी स्वच्छ मिळाली, वारा नाही. २५ मिलिमीटरच्या आयपीसनं, म्हणजे ४८ पटींत, आधी शोधला, मग १० मिलिमीटरचा लावला, १२० पटी. गणितानं या पटीला शनीचा गोल नुसत्या डोळ्यांच्या पूर्णचंद्रापेक्षा थोडा मोठा. बघणाऱ्याला मात्र तो वाटाण्याएवढाच वाटतो, हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे हिरमोड होत नाही. मोठ्यानं पाहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "दॅट्स इट?"

बाबा खुर्चीत बसले. मोटर नसलेल्या दुर्बिणीत १२० पटींवर ग्रह दीड मिनिटात एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकून नाहीसा होतो. पृथ्वी फिरते ती अशी डोळ्यांना दिसते. म्हणून धाकटी नळीपाशी उभी राहिली आणि आजोबांनी "गेला" म्हटलं की बोटानं हलकेच ढकलायची. पहिली पाच मिनिटं त्यांना नुसता पिवळा गोळा दिसला. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग ते थोडे तिरके झाले, डोळ्याच्या मधल्या भागाऐवजी कडेनं बघायला लागले. अंधूक तारे असे कडेनं बघायचे हे त्यांनीच गच्चीवर शिकवलेलं. "रेघ आहे," ते म्हणाले. "मण्यात सुई घातल्यासारखी. आणि बाजूला एक ठिपका आहे." तो टायटन होता. त्याबद्दल आम्ही त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, म्हणजे ते बघत होते ते खरंच बघत होते.

त्या रात्री धाकटीनं नळी किती वेळा ढकलली कुणास ठाऊक. आत जायला साडेअकरा झाले. आईनंही जाता जाता एकदा डोळा लावला, नमस्कार केला आणि म्हणाली, "एवढासा तर आहे."

नोव्हेंबरमध्ये दोघं परत गेली. दुर्बीण गराजच्या दाराशी असते, वर कापडी पिशवी. बाबांचा रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न, आकाश कसं आहे. हिवाळ्यात गुरू मिथुनेत, अगदी डोक्यावर होता. त्याच्या चार चंद्रांच्या जागा धाकटी वहीत टिपून घेते आणि फोनवर त्यांना वाचून दाखवते. आज दोन डावीकडे, दोन उजवीकडे. काल तीन आणि एक. ते साताऱ्यात बसून कुठला कोणता हे ओळखायचा प्रयत्न करतात. परवा म्हणाले, डावा डोळा आता मिटल्यासारखाच, उजवा आहे.

कुणाला येऊन बघायचं असेल तर चंद्रापासून सुरुवात करा, आणि पौर्णिमा टाळा. उन्हाचा उजेड समोरून पडल्यामुळे तेव्हा चंद्र सपाट दिसतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात शुक्ल सप्तमी-अष्टमी बघा. तेव्हा उजेडाच्या कडेला विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. ती तिथी शुक्रवारी किंवा शनिवारी आली आणि ढग नसले तर आम्ही बाहेर असतो. जाड मोजे घाला, चहा आमच्याकडे. आणि गल्लीत शिरताना गाडीचे हेडलाइट वळणावरच मालवा.